रेडिओलॉजीचं बदलतं काम आणि रेडिओलॉजिस्टचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय विद्यार्थी, नुकतेच रेसिडेन्सीला (म्हणजे विशेष विषयाच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला) लागलेले डॉक्टर, इतर विभागांतले सहकारी आणि रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेले पेशंट यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एक्स-रे काढणारे आणि रेडिओलॉजिस्ट एकच का?

नाही. पेशंटला योग्य स्थितीत उभं करणं किंवा झोपवणं, किरणांची मात्रा बेतणं, सीटी किंवा एमआरआयचं यंत्र चालवणं हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. त्यांचं शिक्षण वेगळं असतं आणि ते कमी प्रतीचं अजिबात नाही. रेडिओलॉजिस्ट आधी डॉक्टर होतो, मग या विषयात विशेष प्रशिक्षण घेतो. कोणती तपासणी करायची, ती कशी करायची हे ठरवणं, आलेल्या प्रतिमा वाचून रिपोर्ट देणं, सोनोग्राफी करणं आणि प्रतिमेच्या आधाराने सुई किंवा कॅथेटर (बारीक लवचीक नळी) घालून उपचार करणं हे त्याचं काम. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. पेशंट वाकडा उभा असताना काढलेला छातीचा एक्स-रे कितीही अनुभवी माणसाने वाचला, तरी त्यातून खात्रीचं उत्तर मिळत नाही.

२. क्ष-किरणांचा शोध लागल्यापासून या कामात नेमकं काय काय बदललं?

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबर्गच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण आढळले. काही महिन्यांतच जगभर हाडांचे फोटो निघू लागले. तेव्हा रेडिओलॉजिस्ट नावाचा कोणी नव्हता. छायाचित्रकार, वीजतज्ज्ञ, हौशी डॉक्टर असे सगळेच हे यंत्र चालवत. वायू भरलेल्या नळ्या लहरी होत्या. एकाच नळीतून आज निघणारे किरण उद्या तसेच निघतील याची खात्री नसे. १९१३ साली विल्यम कूलिज यांनी तापलेल्या तंतूची नळी बनवली, तेव्हा कुठे किरणांची मात्रा आणि भेदकता हवी तशी ठरवता येऊ लागली. त्याच वर्षी गुस्टाव्ह बकी यांची जाळी आली. शरीरात विखुरलेल्या किरणांमुळे फोटोवर येणारा धूसरपणा तिने कमी केला.

पुढची कित्येक दशकं रेडिओलॉजिस्ट सावल्या वाचत होता. फुप्फुस आणि हाडं दिसत. मऊ अवयव दिसावेत म्हणून बेरियम पाजायचं, रक्तवाहिनीत औषध सोडायचं, मेंदूच्या पोकळ्यांत हवासुद्धा भरायची. एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्रण केलं. गाठ कुठे आहे याचा अंदाज सरकलेल्या वाहिनीवरून बांधायचा, अशी तेव्हाची पद्धत.

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठींच्या अल्ट्रासाउंडवरचा निबंध प्रसिद्ध केला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी झाला. प्रतिमा जेमतेम ८० बाय ८० ठिपक्यांची होती आणि प्रत्येक फेरीला मिनिटं लागत. पण पहिल्यांदाच कवटीच्या आतला मेंदू स्वतः दिसला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून प्रतिमा मिळवण्याची पद्धत, म्हणजे आजचा एमआरआय, मांडली आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली. १९८९ च्या सुमारास सर्पिल सीटी आला, मग एका फेरीत अनेक काप घेणारी यंत्रं आली. आज पूर्ण छाती काही सेकंदांत, एका श्वासात होते.

यंत्रांची ही यादी पुस्तकात मिळतेच. आमच्या मते खरा बदल कामाच्या स्वरूपात झाला. आधी माहिती कमी आणि तर्क जास्त होता. आता माहितीचा पूर आहे आणि लक्ष मात्र माणसाचं, पूर्वीएवढंच. प्रशिक्षणाचे आजचे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात.

३. फिल्म जाऊन कॉम्प्युटर आला, याने इतका फरक का पडला?

फिल्मच्या काळात डार्करूममधून निघालेली फिल्म व्ह्यू बॉक्सवर (मागून उजेड देणाऱ्या पेटीवर) लावायची, पाकीट सांभाळायचं. पाकीट हरवलं की तपासणीच हरवली. सर्जन, फिजिशियन सगळे फिल्म बघायला रेडिओलॉजी विभागात यायचे आणि तिथेच चर्चा व्हायची. बाजूला उभा असलेला रेसिडेंट त्या चर्चेतून जे शिकायचा, ते कोणत्याही वेळापत्रकात नव्हतं.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८५ मध्ये एक सामाईक प्रमाणपद्धत तयार झाली, आणि १९९३ मध्ये तिला डायकॉम हे नाव आणि आजचं रूप मिळालं. पॅक्स या संगणकीय साठवणीमुळे प्रतिमा रुग्णालयात कुठेही दिसू लागल्या. फायदे मोठे आहेत: जुनी तपासणी क्षणात समोर येते, मोजमाप अचूक होतं, दूर बसून रिपोर्ट देता येतो. तोटाही खरा आहे. उपचार करणारा डॉक्टर आता आपल्या वॉर्डातच प्रतिमा बघतो, खाली येत नाही, आणि पेशंटची गोष्ट रेडिओलॉजिस्टपर्यंत चार शब्दांच्या विनंतीपत्रातूनच पोहोचते (प्रश्न ८ पाहा). म्हणून चांगल्या प्रशिक्षण संस्था संयुक्त बैठका मुद्दाम ठरवून घेतात. आधी जे आपोआप घडायचं, ते आता आखून घडवावं लागतं.

४. रेडिओलॉजिस्ट व्हायला किती वर्षं लागतात?

देशागणिक फरक आहे. भारतात एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीएनबीची तीन वर्षं. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं सर्वसाधारण वैद्यकीय काम, मग पाच वर्षं रेडिओलॉजी आणि त्या काळात एफआरसीआर परीक्षेचे टप्पे. अमेरिकेत एक वर्ष क्लिनिकल आणि पुढे चार वर्षं रेसिडेन्सी. त्यानंतर न्यूरो, स्तन, मुलांची रेडिओलॉजी, हाडं-सांधे अशा एखाद्या उपशाखेत फेलोशिप घेण्याची पद्धत सगळीकडे वाढते आहे.

सुरुवातीला निदान आणि किरणोपचार हा एकच विषय होता. विसाव्या शतकात दोन्हींचा पसारा इतका वाढला की वाटा वेगळ्या झाल्या. आजचा रेडिओलॉजिस्ट कॅन्सरवर किरणोपचार देत नाही.

५. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र कशाला? आम्हाला रोग ओळखायचे आहेत.

कारण प्रतिमेत दिसणारी प्रत्येक गोष्ट शरीरात असतेच असं नाही. दाताच्या धातूमुळे सीटीत पसरणारे पट्टे, पेशंट हलल्यामुळे एमआरआयमध्ये उमटणारी दुहेरी कड, सोनोग्राफीत पित्ताशयाच्या खड्यामागे पडणारी सावली, ही सगळी भौतिकशास्त्राची निर्मिती आहे. यातली पहिली दोन फसवतात आणि तिसरी निदानाला मदत करते. कोणती कुठली हे कळायला प्रतिमा कशी तयार होते ते कळावं लागतं.

दुसरं कारण मात्रेचं. छातीचा एक समोरचा एक्स-रे सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणांची मात्रा मोजण्याचं एकक), पोटाचा सीटी सुमारे १० मिलिसीव्हर्ट, म्हणजे जवळपास ५०० एक्स-रेंइतका. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. हे आकडे डोक्यात पक्के असले की 'एकदा सीटी करूनच टाकू' असं सहज म्हटलं जात नाही.

६. एक्स-रे 'वाचायला' शिकतात म्हणजे नक्की काय करतात?

छातीचा साधा एक्स-रे घेऊ. काढायला सगळ्यांत सोपा आणि वाचायला सगळ्यांत फसवा.

आधी नाव, तारीख आणि बाजूची खूण. हृदय उजवीकडे दिसतंय म्हणून घाईने निदान करण्याआधी फोटो उलटा तर लागलेला नाही ना, हे बघायचं. मग तांत्रिक दर्जा. दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर हवीत. नसतील तर पेशंट वळलेला आहे, आणि एका बाजूचं फुप्फुस विनाकारण काळं दिसणार. श्वास पुरेसा घेतला असेल तर श्वासपटलाच्या वर पुढच्या बाजूच्या साधारण सहा बरगड्या मोजता येतात. अर्धवट श्वासात काढलेल्या फोटोत हृदय मोठं आणि फुप्फुसांचे तळ पांढुरके दिसतात, न्यूमोनिया नसताना तसा भास होतो. हृदयाच्या मागे मणके अंधुक दिसायला हवेत.

यानंतर ठरलेल्या क्रमाने शोध. क्रम कोणताही चालेल, पण रोज तोच हवा. श्वासनलिका, हृदय आणि मध्यभाग, फुप्फुसांची मुळं, दोन्ही फुप्फुसांची वरपासून खालपर्यंत तुलना, फुप्फुसाच्या आवरणाची कड, श्वासपटल, हाडं, मऊ भाग. शेवटी ज्या ठिकाणी नजर हमखास चुकते तिथे पुन्हा जायचं: फुप्फुसांची शेंडी, हृदयामागचा भाग, श्वासपटलाखाली दडलेलं फुप्फुस, आणि खांद्याची हाडं.

हृदयामागचं उदाहरण द्यायलाच हवं. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग आकसला की तो हृदयाच्या सावलीत एक तिरपी कड घेऊन बसतो. वरवर फोटो साफ दिसतो. पण डाव्या श्वासपटलाची आतली रेषा पुसलेली असते. दोन सारख्या घनतेच्या गोष्टी एकमेकींना चिकटल्या की त्यांच्यामधली कड नाहीशी होते, हा नियम रेसिडेंटला पहिल्याच महिन्यात शिकवतात. हरवलेली रेषा दिसायला मात्र शेकडो नॉर्मल फोटो पाहावे लागतात. आमचा आग्रह असतो की सुरुवातीला रोगांचे दुर्मिळ नमुने कमी आणि नॉर्मल जास्त बघावेत.

७. व्हॉट्सॲपवर आलेल्या सीटीच्या फोटोवरून मत देता येतं का?

तातडीच्या प्रसंगी मोठा रक्तस्राव ओळखण्यापलीकडे त्याचा भरवसा नाही. कारण विंडो. सीटीतला प्रत्येक ठिपका हाउन्सफील्ड एककात मोजलेला असतो: हवा उणे १०००, पाणी ०, चरबी साधारण उणे १००, घट्ट हाड १००० च्या आसपास किंवा वर. इतक्या छटा पडद्यावर एकदम दाखवता येत नाहीत, दाखवल्या तरी डोळ्याला वेगळ्या कळत नाहीत. म्हणून हवा तेवढाच पट्टा निवडून बघतात, त्यालाच विंडो म्हणतात. मेंदूसाठी रुंदी ८० आणि मध्य ४०, फुप्फुसासाठी रुंदी १५०० आणि मध्य उणे ६०० अशा नेहमीच्या मांडण्या आहेत. पक्षाघाताच्या पहिल्या तासांत मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागातला फरक जेमतेम काही एककांनी कमी झालेला असतो. तो पकडायला रुंदी ४० पर्यंत खाली आणावी लागते. मोबाइलवर काढलेल्या फोटोत हे काहीच करता येत नाही. विंडो गोठलेली असते आणि बाकीचे काप नसतातच.

रिपोर्टिंगचा मॉनिटर आणि खोलीही साधी नसते. करड्या छटा डायकॉमच्या ठरलेल्या प्रमाणात दाखवणारा, वेळोवेळी तपासलेला मॉनिटर लागतो. मॅमोग्राफीसाठी (स्तनाच्या एक्स-रेसाठी) ५ मेगापिक्सेलचा वापरतात. खोलीतला उजेड मंद, साधारण २० ते ४० लक्स ठेवतात. पूर्ण अंधारही नको, डोळे लवकर थकतात.

८. विनंतीपत्रावर 'पोटदुखी' एवढं लिहिलं तर काय बिघडतं?

तपासणीच वेगळी होऊ शकते. 'पोटदुखी' म्हटल्यावर बहुधा शिरेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत पांढरं दिसणारं औषध) देऊन सुमारे ७० सेकंदांनी सीटी घेतात, यकृत आणि इतर अवयव त्या वेळी चांगले दिसतात. पण शंका मूतखड्याची असेल तर कॉन्ट्रास्टशिवाय, कमी मात्रेचा सीटी पुरतो. कॉन्ट्रास्ट मूत्रमार्गात उतरला की त्याच्याच पांढऱ्या रंगात खडा लपतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल तर धमन्या भरलेल्या असतानाचा, सुमारे ३० सेकंदांचा टप्पाही घ्यावा लागतो. तो घेतलाच नाही तर रिपोर्ट लिहिताना तो परत आणता येत नाही.

फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी शोधताना तर बारीकसारीक गोष्टींनी तपासणी वाया जाते. कोपराच्या शिरेत जाड सुई हवी, औषध सेकंदाला ४ ते ५ मिलिलिटर वेगाने जायला हवं. 'जोरात श्वास घ्या' असं सांगितलं की पोटाकडून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त हृदयात ओढलं जातं आणि नेमक्या त्या क्षणी धमन्या फिक्या पडतात. म्हणून हलका श्वास घेऊन थांबायला सांगतात. रेसिडेंटने निदान काही दिवस सीटीच्या कंट्रोल रूममध्ये टेक्नॉलॉजिस्टच्या शेजारी बसून काढावेत, हे शहाणपण तिथेच मिळतं.

विनंतीपत्रावर कमीत कमी हे असावं: कुठे आणि किती दिवस दुखतंय, ताप आहे का, आधीची शस्त्रक्रिया, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), औषधांची ॲलर्जी, आणि तुम्हाला कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय. अपेंडिक्स पूर्वीच काढलंय ही एक ओळ रिपोर्टची दिशा बदलते.

९. एवढं शिकलेला माणूस समोरची गोष्ट कशी काय चुकवतो?

हा प्रश्न रागातून येतो, आणि राग समजण्यासारखा आहे. लिओ हेन्री गारलंड यांनी १९४९ मध्ये दाखवलं की दोष असलेल्या छातीच्या फिल्म्सपैकी जवळपास ३० टक्के अनुभवी वाचकांकडूनही सुटतात. त्या वेळी व्यवसायाला हा धक्काच होता. या आकड्यात फक्त दोषाच्या फिल्म्स धरल्या आहेत. नॉर्मलही मिसळलेल्या रोजच्या कामात चुकीचं प्रमाण ३ ते ५ टक्के सांगितलं जातं.

नजरेचा माग घेणाऱ्या अभ्यासांतून चुकांचे तीन प्रकार समोर आले. पहिला, नजर तिथे गेलीच नाही. दुसरा, गेली पण थबकली नाही. तिसरा, थबकली, पण मेंदूने 'ही रक्तवाहिनीच' असं ठरवून पुढे ढकललं. हा तिसरा प्रकार सर्वांत मोठा निघाला. २०१३ च्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसातल्या छोट्या गाठी शोधायला सांगितलं होतं आणि प्रतिमेत गाठीच्या कित्येक पट मोठं गोरिलाचं चित्र घातलं होतं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्यावरून गेली होती.

आणखी एक सापळा: एक मोठी गोष्ट सापडली की शोध थांबतो. अपघातातल्या पेशंटचं मोडलेलं हाड दिसलं की शेजारचं दुसरं मोडलेलं हाड सुटतं. त्यावर उपाय साधे आहेत, पाळायला कठीण. ठरलेला क्रम (प्रश्न ६), निदान सापडल्यानंतरही तो क्रम पूर्ण करणं, मध्येच फोन आला तर जिथे थांबलो तिथून नव्हे तर त्या अवयवाच्या सुरुवातीपासून पुन्हा बघणं. आणि सुटलेल्या केसेस कोणालाही दोष न देता नियमित एकत्र बसून बघणं. जिथे या बैठका होत नाहीत तिथलं प्रशिक्षण आम्ही अपुरं मानतो.

१०. दरवेळी जुने रिपोर्ट आणि सीडी का मागतात?

कारण काळ हीच एक तपासणी आहे. फुप्फुसातली ८ मिलिमीटरची भरीव गाठ आज पहिल्यांदा दिसली तर चिंता. तीच दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत तेवढीच असेल तर ती बहुधा निरुपद्रवी. अर्धवट धुरकट गाठी सावकाश वाढतात, त्यांच्यावर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवतात.

तुलना करताना एक गणित लक्षात ठेवावं. गोल गाठीचा व्यास २६ टक्क्यांनी वाढला की आकारमान दुप्पट होतं. १० ची १२.६ मिलिमीटर झाली म्हणजे आतल्या पेशींचा ऐवज दुप्पट. पण हाताने मोजताना दीड-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून ६ ची ७ झाली यावर लगेच 'वाढली' लिहू नये. दोन्ही सीटी शेजारी लावून, सारख्या जाडीच्या कापांवर, एकाच माणसाने मोजावं. फक्त जुना कागदी रिपोर्ट आणू नका, प्रतिमा आणा.

११. 'क्लिनिकली कोरिलेट करा' हे अंग काढून घेणं नाही का?

'पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा' असा त्याचा अर्थ. अंग काढून घेणं कधीकधी असतं, आणि तसं लिहू नये असंच आम्ही शिकवतो. एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती सरकलेली दिसते, पण कसलीही तक्रार नसलेल्या माणसांतही ती खूपदा दिसते. दुखणं त्याच मज्जातंतूच्या वाटेने जातंय का हे तपासणाऱ्यालाच कळणार. अशा वेळी नेमकं लिहावं: 'डाव्या एस-१ मज्जातंतूवर दाब आहे. पायाच्या बाहेरच्या कडेला वेदना किंवा बधिरपणा असेल तर हे कारण असू शकतं.' वाचणाऱ्याला पुढे काय बघायचं ते समजतं. नुसतं 'कोरिलेट करा' लिहिल्याने काहीच समजत नाही.

१२. सोनोग्राफी रेकॉर्ड करून नंतर दुसऱ्याकडून वाचून घेता येत नाही का?

थोडीफार. पण सीटीत सगळं शरीर टिपलेलं असतं, सोनोग्राफीत करणाऱ्याने प्रोब (शरीरावर फिरवायचं हातातलं साधन) जिथे ठेवला तेवढंच. जे दाखवलं नाही ते नोंदलंही जात नाही. म्हणून हे कौशल्य हातात यावं लागतं. पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब, थायरॉइडसारख्या उथळ अवयवांना ७ ते १५ चा. वारंवारता वाढवली की स्पष्टता वाढते, खोली कमी होते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे पेशंटला कुशीवर न वळवणं. पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा उताणं झोपवून सुटतो, डाव्या कुशीवर वळवलं की दिसतो. दाबून बघणंही तपासणीचाच भाग आहे: पायाच्या खोल शिरेत गुठळी नसेल तर प्रोबच्या दाबाने ती पूर्ण मिटते.

१३. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी हे वेगळं क्षेत्र आहे का?

प्रतिमा बघत सुई-कॅथेटरने उपचार करण्याची ही वेगळी वाट आहे, मूळ एकच. १९५३ मध्ये स्वेन सेल्डिंगर यांनी साधी युक्ती मांडली: सुईने वाहिनीत शिरायचं, सुईतून तार सरकवायची, तार आत ठेवून सुई काढायची, तारेवरून कॅथेटर चढवायचा, मग तार काढायची. याच वाटेने १६ जानेवारी १९६४ रोजी चार्ल्स डॉटर यांनी पायाची आकुंचलेली धमनी शस्त्रक्रियेशिवाय रुंद केली. आज रक्तस्राव थांबवणं, गाठीला जाळणं, पू काढणं, मेंदूतली गुठळी ओढून काढणं हे सगळं त्याच पायऱ्यांवर उभं आहे.

शिकताना पहिली सवय लावतात ती तार कधीही न सोडण्याची. तारेचं बाहेरचं टोक सतत कोणाच्या तरी हातात हवं, नाहीतर ती पूर्ण आत जाऊ शकते. दुसरी, मांडीच्या धमनीत सुई मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर घालायची, म्हणजे नंतर हाडावर दाबून रक्त थांबवता येतं. जास्त वर घातली तर पोटामागे नकळत रक्त साठतं, जास्त खाली घातली तर धमनीला फुगा येऊ शकतो. अमेरिकेत यासाठी आता पदवीनंतर सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रमही आहे.

१४. एआय आल्यावर रेडिओलॉजिस्ट लागतील का?

२०१६ मध्ये एआयचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्टचं प्रशिक्षण आताच थांबवावं, असं म्हटलं होतं. तसं घडलं नाही. एआय मात्र कामात आला आहे: मेंदूतला रक्तस्राव असलेले सीटी रांगेत पुढे आणणं, हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढणं, मॅमोग्राफीत दुसऱ्या वाचकाची जागा घेणं. स्वीडनमधल्या ८०,००० हून अधिक स्त्रियांच्या चाचणीत एआयच्या मदतीने वाचनाचं काम सुमारे ४४ टक्क्यांनी घटलं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही, असा निष्कर्ष २०२३ मध्ये आला.

मर्यादा आकड्यांत बघा. १००० तपासण्यांत १० जणांना खरा आजार आहे. यंत्र ९० टक्के आजारी ओळखतं आणि ९० टक्के निरोगी बरोबर सोडतं. म्हणजे ९ खरे पकडले, आणि ९९० पैकी ९९ निरोगींवर खोटी खूण लागली. १०८ खुणांपैकी ९ खऱ्या. त्या ९९ बाजूला काढायला जाणता डोळा लागतोच.

खरी काळजी शिकणाऱ्यांची आहे. पडद्यावर आधीच चौकट काढलेली असेल तर नजर चौकटीकडेच जाते, बाकीचा शोध थांबतो (प्रश्न ९). म्हणून रेसिडेंटने आधी स्वतः पूर्ण वाचून मत लिहावं आणि मगच एआयचा निकाल उघडावा, असा नियम विभागाने लावावा. हा नियम सैल सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे.

१५. किरणांमुळे रेडिओलॉजिस्टना त्रास होत नाही का? गरोदरपणी प्रशिक्षण चालू ठेवता येतं का?

सुरुवातीच्या पिढीने फार सोसलं. एडिसन यांचे सहकारी क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात गेले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. किरणांच्या कामात प्राण गेलेल्यांचं स्मारक हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली उभारलं गेलं. आजची सुरक्षितता त्यांच्यामुळे आहे.

आताची आंतरराष्ट्रीय मर्यादा काम करणाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट, पाच वर्षांच्या सरासरीने, आणि कोणत्याही एका वर्षात ५० च्या आत. रिपोर्टिंगच्या खोलीत अधिकचं काहीच मिळत नाही. फ्लुरोस्कोपीत (एक्स-रेने हलती प्रतिमा बघत काम करताना) मिळतं, आणि मुख्यतः पेशंटच्या शरीरातून विखुरलेलं. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण चौथाई होते, म्हणून एक पाऊल मागे सरकणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. शिशाचा ॲप्रन, गळ्याचं कवच, चष्मा आणि मात्रा मोजणारा बॅज नेहमी. ॲप्रनची घडी घालू नये, आतल्या थराला चिरा जातात.

गरोदरपण जाहीर केल्यावर बाळाला उरलेल्या काळात १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये असा दंडक आहे. ॲप्रनच्या आत पोटावर दुसरा बॅज लावतात. सोनोग्राफी, सीटी-एमआरआय रिपोर्टिंग नेहमीसारखं करता येतं. एमआरआयच्या खोलीत पेशंटला मदत करायला जाता येतं, फक्त स्कॅन चालू असताना आत थांबू नये.

१६. एमआरआयला किरण नाहीत, मग एवढी झडती कशाला?

चुंबक बंद नसतो. रात्री, वीज गेल्यावर, सुट्टीच्या दिवशीही तो चालूच असतो. ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर दारातून आत ओढला जाऊन माणसं दगावली आहेत. आत कोणाचं हृदय बंद पडलं तर पहिलं काम पेशंटला बाहेर आणणं, मग बाहेरच पुनरुज्जीवन. आत धावत जाणारी मदतीची माणसं खिशात कात्री घेऊनच येतात. पेसमेकरबद्दल 'आहे म्हणजे नाहीच' हा जुना नियम आता बदलला आहे. काही मॉडेल ठरलेल्या अटींवर चालतात, पण मॉडेलचं नाव आणि कार्ड पाहिल्याशिवाय नाही.

१७. रंगांधळेपणा असेल तर हा विषय घेता येईल का?

रोजचं बहुतेक काम करड्या छटांचं आहे, त्यामुळे तेवढ्यावरून अडत नाही. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि पेट-सीटीत (शरीरात सोडलेलं किरणोत्सारी औषध कुठे साठतं ते दाखवणाऱ्या तपासणीत) रंग येतात, तिथे यंत्रावर रंगपट्टी बदलून घेता येते. डॉप्लरमधला लाल-निळा रंग धमनी-शीर दाखवत नाही, प्रोबकडे येणारा आणि दूर जाणारा प्रवाह दाखवतो. ही चूक रंग नीट दिसणारेही करतात.

१८. रात्री रेसिडेंटने दिलेला रिपोर्ट सकाळी बदलला. कोणता खरा मानायचा?

वरिष्ठाने सही केलेला अंतिम रिपोर्ट. रात्रीचा रिपोर्ट प्राथमिक असतो आणि त्यावर तसं लिहिलेलं असायला हवं. बदल दोन तऱ्हेचे. उपचार बदलत नसतील, उदाहरणार्थ मूत्रपिंडात एक साधी पाण्याची गाठ आधी नोंदायची राहिली, तर अंतिम रिपोर्टमध्ये ती घातली की पुरे. उपचार बदलत असतील तर नुसती दुरुस्ती लिहून भागत नाही. वरिष्ठाने उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोन करायचा, कोणाशी किती वाजता बोलणं झालं ते रिपोर्टमध्ये नोंदवायचं. आधी अंतिम झालेल्या रिपोर्टमधला मजकूर पुसायचा नाही, खाली तारीख-वेळेसह पुरवणी जोडायची. आणि ती केस त्याच दिवशी रेसिडेंटला दाखवायची, प्रतिमा त्याच विंडोत उघडून, कुठे नजर गेली नव्हती ते बोट ठेवून.